गोडं पाणी

जाहिरात मी लिहिली होती.
'विकणे आहे: टेर्ना, सहा मीटर वर्गातली शर्यतीची होडी,
बांधणी एकेनेस, १९३७.
फळ्या महोगनीच्या, वांक ओकचे, सगळे नवे.'
बाबांनी पेन्सिलीनं 'सगळे' खोडलं,
चष्मा कपाळावर ढकलला,
म्हणाले, अकरावा जुनाच आहे.

अकरावा मला माहीत होता.
डावीकडचा, डोलकाठीच्या जरा मागं,
त्या बरगडीवर आजोबांचं अक्षर अजून लागतं:
'न्यूबर्गला हेरिंगचे चाळीस मार्क देणे.'
दिले की नाही, कुणाला ठाऊक नाही.
न्यूबर्गांच्या घरात आता दातांचा दवाखाना आहे.
बाबांनी तो वांक काढला नाही,
नवा वाफवून, वाकवून
त्याच्या शेजारी उभा केला.
मी म्हटलं, भाव उतरेल.
उतरू दे, म्हणाले, आणि रंधा मशीन सुरू केलं.
उजवा कान त्यांचा त्या मशीननंच खाल्लाय.
डावा ते माझ्याकडं करत नाहीत
पैशाचं बोलणं असलं की.

मेमध्ये एबरसोल्ड आला, झुरिकहून,
पातळ तळव्यांचे बूट, हातात ओल मोजायचं यंत्र.
नेमकं त्याच सकाळी आम्ही तिला पाण्यात सोडलं होतं
आणि ती बुडत होती.
सात हिवाळे शेडमध्ये सुकलेली,
शिवणीशिवणीतून पाणी आत,
पायाखालच्या फळ्या तरंगायला लागलेल्या,
क्रेनच्या पट्ट्यांनी काखेत धरलं होतं म्हणून वर.
तो माझ्याकडं बघत राहिला,
जणू मी त्याच्या गळ्यात फुटकं मडकं मारतेय.
मी इंग्रजीत सांगितलं, मग मोडक्या जर्मनमध्ये:
पिऊ दे तिला. लाकूड फुगेल, शिवणी मिटतील.
किती दिवस?
बाबांनी तीन बोटं वर केली.
मग जरा विचार करून चौथं,
जे अर्धंच आहे.

दुसऱ्या रात्री दोनला जाग आली.
पंपाचा आवाज नेहमीचाच,
पण हात वेगळा होता. बाबा असे झटके देत नाहीत.
खिडकीतून पाहिलं. अंधार असा नव्हताच.
एबरसोल्ड पायजम्यावर रेनकोट चढवून दांडा मारतोय,
आणि धक्क्यावर, उलट्या बादलीवर बसून
बाबा मोजताहेत.
पहाटे पाणी बोटभर उरलं.
सही करण्याआधी त्यानं अकरावा दाखवायला सांगितलं,
टॉर्च लावून वाचलं,
चाळीस मार्क म्हणजे आज किती, एवढंच विचारलं.
मला सांगता आलं नाही.

ट्रेलर निघताना बाबांनी विचारलं, तिथलं पाणी कसं?
गोडं, तो म्हणाला, जरा ऐटीतच. लोक पितात.
बाबांचा चेहरा उतरला.
गोडं पाणी लाकडाला मानवत नाही,
खिळ्यांच्या कडेकडेनं आतून कुजवतं,
बाहेर वार्निश आरशासारखं.
ते शेडमध्ये गेले आणि जाड्या मिठाचं पोतं
खांद्यावर घेऊन आले. वीस किलो.
सांग त्याला, वांकांच्या बेचक्यांत भर म्हणावं, दर शरदात.
बिलात लावू?
नको.
एबरसोल्डनं ते पोतं पुढच्या सीटवर ठेवलं
आणि त्याला बेल्ट लावला.

ऑगस्टमध्ये पत्र आलं: अकरा होड्यांत सातवा.
सातवा का होईना, बाबा म्हणाले,
खाल्ल्या मिठाला जागेल ती.

पैशांतून छताचे पत्रे झाले, लार्चचा ढीग आला,
बँकेचा माणूस यायचा थांबला.
बाबा मात्र चहा घेऊन शेडमधून अजून सरळ जात नाहीत.
अकरा मीटर लांब, दोनाला थोडी कमी रुंद
अशा रिकाम्या जागेला वळसा घालतात,
आणि शेवटी मान खाली करतात,
जिथं तिचं मागचं टोक कपाळाला लागायचं.

परवा मी मधून सरळ गेले.
चहा सांडला.